माळावरच्या गवताचा प्रोजेक्ट घेताय? मग हे आधी वाचा

पुण्यात बॉटनी नाहीतर ॲग्रीचं एमएस्सी करणाऱ्या बऱ्याच जणांना फील्डवर्क म्हटलं की सह्याद्रीतलं जंगलच दिसतं. जेजुरी, सुपे, इंदापूरकडचा माळ एसटीच्या खिडकीतून बघायचा आणि ओसाड म्हणून मोकळं व्हायचं. माझं सगळं काम याच माळावर झालं, चराई आणि वणव्याने गवताच्या पोषणमूल्यात काय फरक पडतो यावर. आता ज्युनिअर विचारतात सुरुवात कुठून करू, म्हणून लिहितोय.

आधी गवत ओळखायला शिका. कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल. फुलोरा नसला की भलेभले अडकतात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमधेच नमुने दाबून ठेवा आणि कोरेगाव रोडच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या हर्बेरियममधे, म्हणजे वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, परवानगी काढून ताडून बघा.

लॅबचं टेन्शन घेऊ नका. केल्डाल पद्धतीने (नमुना ॲसिडमधे उकळून) नायट्रोजन मोजायचा, 6.25 ने गुणायचं, झालं क्रूड प्रोटीन, म्हणजे प्रोटीनचा ढोबळ आकडा, सोबत एनडीएफ-एडीएफ, म्हणजे तंतूंची मोजमापं. हात बसतो. खरा कस नमुना कधी आणि कसा घेतला यात लागतो. कुसळीच बघा, ऑगस्टमधे कोवळी असते तेव्हा मेंढ्या आवडीने खातात, पण कुसळं पिकली की टोकं लोकरीतून थेट कातड्यात घुसतात, आणि जानेवारीत तेच गवत पिवळं पडून प्रोटीन 3-4 टक्क्यांवर येतं. साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेलं की जनावराच्या पोटातल्या जंतूंनाच नायट्रोजन पुरत नाही, तंतू पचत नाही आणि जनावराचं खाणंच कमी होतं. म्हणून प्रत्येक पिशवीवर तारखेसोबत गवताची अवस्था लिहाच, कोवळं, फुलोऱ्यात की वाळलेलं.

आता वणवा. जळालेल्या ठिकाणी पावसानंतर फुटलेला कोंब प्रोटीनमधे भारी निघतो आणि लगेच निष्कर्ष निघतो की जाळणं चांगलं. थांबा. कोंब कोवळा आहे, पानं जास्त काडी कमी, म्हणून आकडा वर जातो, उलट जळताना बराच नायट्रोजन धुरासोबत हवेत जातो. चराईतही तसंच, सारखं खुडलेलं गवत कोवळं राहतं पण एकरी उत्पादन घटतं. समजा जळालेल्या प्लॉटवर 10 टक्के प्रोटीनचं 500 किलो वाळलं गवत आहे आणि शेजारी 5 टक्क्यांचं 2000 किलो, तर हिशोब 50 किलो विरुद्ध 100 किलो प्रोटीनचा होतो. पण ते 5 टक्क्यांचं मेंढीला नीट पचणार नाही! प्रोटीनचे टक्के आणि एकूण किलो, दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय पेपर लिहूच नका असं माझं ठाम मत आहे.

क्वाड्रॅट (ठरावीक मापाची चौकोनी चौकट) टाकून आतलं गवत सरसकट कापलं म्हणजे मेंढी काय खाते ते कळलं असं नाही, ती निवडून खाते. धनगर मामांना विचारून कळपामागे चाला, मेंढी जे तोडते तेच शेजारून हाताने तोडा. मामा कुठला माळ कधी राखतात, कोकणातून परत आल्यावर आधी कुठे चारतात हे जे सांगतील ते वहीत जसंच्या तसं लिहा.

आणि प्रयोगासाठी स्वतः काडी लावायची नाही, फॉरेस्टच्या जागेत तो गुन्हा आहे. आधीच जळालेला आणि शेजारचा न जळालेला तुकडा निवडा, माती-उतार सारखा हवा. नमुन्याला राख-माती चिकटली तर ॲशचा, म्हणजे नमुना जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचा, आकडा फुगतो, तेव्हा नीट झटकून घ्या. परवानगीचा अर्ज फेब्रुवारीतच टाका, पत्र यायला वेळ लागतो आणि जूनच्या पहिल्या पावसाच्या आत प्लॉट आखून झालेले हवेत.