लॅपटॉपचं बटण चालेना? उचकटण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा

कीबोर्डवरचं एखादं बटण चालेनासं झालं की हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. बटण उचकटून खाली काय अडकलंय ते बघावंसं वाटतं, आणि तिथेच घात होतो. कचऱ्यामुळे अडलेलं बटण दहा मिनिटांत सुटलं असतं, पण उचकटताना खालची प्लास्टिकची आकडी मोडली तर ते कायमचं डुगडुगत राहतं. कोणती बटणं गेली आहेत आणि नेमकी कशी वागत आहेत, एवढं नीट पाहिलं तरी बिघाडाची जागा बहुतेक वेळा कळते. त्यामुळे सुरुवातीची पंधरा मिनिटं फक्त तपासणीला द्या.

बटणाखाली काय असतं

सर्वांत वर कीकॅप, म्हणजे अक्षर छापलेली टोपी. तिच्याखाली कात्रीसारख्या एकमेकींत अडकवलेल्या प्लास्टिकच्या दोन बारीक चौकटी. बटण कोपऱ्यावर दाबलं तरी सरळ खाली जातं ते या चौकटींमुळे. मधोमध रबराची छोटी वाटी असते, ती बटण परत वर ढकलते. आणि तळाशी मेंब्रेन, म्हणजे पातळ प्लास्टिकचे तीन थर. वरच्या आणि खालच्या थरावर वीजवाहक रेघा छापलेल्या असतात, मधल्या थराला प्रत्येक बटणाच्या जागी भोक असतं. वाटी दबली की त्या भोकातून वरचा संपर्कबिंदू खालच्याला टेकतो आणि अक्षर उमटतं.

प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. रेघांची आडवी-उभी जाळी असते आणि कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड सांभाळणारी चिप, ती एकेका रेघेने सतत तपासत असतो. एक रेघ तुटली तर तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात, आणि ती कीबोर्डवर शेजारीशेजारी असतीलच असं नाही. एकाच दिवशी चार-सहा विखुरलेली बटणं बंद पडली तर प्रत्येकाखाली कचरा शोधत बसू नका. दोष मेंब्रेनच्या रेघेत किंवा कीबोर्डला मदरबोर्डशी, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य बोर्डाशी, जोडणाऱ्या चपट्या रिबन केबलमध्ये आहे. एकच बटण गेलं असेल तर दोष बहुधा त्याच बटणाखाली सापडतो. सगळाच कीबोर्ड मुका झाला असेल तर निसटलेली केबल, ड्रायव्हर (कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा कंट्रोलर बघायचा.

याच जाळीमुळे तीन-चार बटणं एकत्र दाबल्यावर त्यातलं एखादं उमटत नाही. एकेकटी दाबल्यावर ती नीट चालत असतील तर तो बिघाड नाही, रचनेची मर्यादा आहे.

आधी सेटिंग तपासा

बिघाडासारख्या दिसणाऱ्या बऱ्याच तक्रारी सेटिंगच्या निघतात. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिलं तर फिल्टर कीज सुरू करायचा संदेश येतो, आणि तो न वाचता होकार दिला की झटपट टाइप केलेली अक्षरं गायब व्हायला लागतात. शिफ्ट लागोपाठ ५ वेळा दाबल्याने स्टिकी कीजचा संदेश येतो. ते सुरू झालं तर शिफ्ट किंवा कंट्रोल सोडल्यावरही दाबल्यासारखं वागतं. दोन्ही सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या कीबोर्ड विभागात बंद करता येतात. मॅकवर अशीच गफलत स्लो कीजमुळे होते, तेही ॲक्सेसिबिलिटीतच सापडतं.

छोट्या लॅपटॉपवर जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ आणि यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ उमटत असतील तर नम लॉक चालू आहे. शिफ्टसह २ दाबल्यावर ॲट द रेटच्या जागी अवतरणचिन्ह आलं तर अमेरिकन मांडणीऐवजी ब्रिटिश मांडणी निवडली गेली आहे. विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबून मांडणी बदला. एफ१ ते एफ१२ आवाज आणि प्रकाशच बदलत राहिले तर फंक्शन लॉक बघा. बऱ्याच लॅपटॉपवर तो एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बदलतो.

यानंतर यूएसबी कीबोर्ड लावून तीच अक्षरं टाइप करा. त्यावरही गडबड असेल तर लॅपटॉपच्या बटणांचा दोष नाही. बाहेरचा कीबोर्ड ठीक आणि आतला बिघडलेला असेल तर पुढची चाचणी ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होण्याआधीची: बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन बाणांची बटणं, एंटर, टॅब, एस्केप आणि तारीख-वेळेच्या रकान्यात अंक दाबून पाहा. अक्षरांसाठी पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, चालवा. तिथे सगळं सुरळीत असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्डची नोंद अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रीस्टार्ट करा, ड्रायव्हर आपोआप परत बसतो. तिथेही बटण मेलेलंच राहिलं तर एक शेवटचा सोपा उपाय: लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढा आणि पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा. अडकून बसलेला कंट्रोलर कधी कधी एवढ्याने मोकळा होतो.

हत्यार हातात घेण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बाजूने डोळ्यांच्या पातळीवरून पाहा. कीबोर्डचा भाग फुगीर दिसतोय, टचपॅड वर आलाय किंवा क्लिक होत नाही, खालचं झाकण फटीतून उघडलंय, असं काही दिसलं तर बॅटरी फुगली आहे. बटणं खालून दाबली जात असल्यामुळे नीट चालत नाहीत. अशा लॅपटॉपला चार्जर लावू नका, फुगवटा दाबू नका आणि तिथे टोकदार काही घालू नका. आधी बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्या.

साफसफाई

लॅपटॉप पूर्ण बंद करा. स्लीपवर ठेवणं पुरेसं नाही. चार्जर काढा. उलटा धरून पाठीवर हलके थोपटा. मग साधारण ७५ अंशांत उभा तिरपा धरून कॉम्प्रेस्ड एअरच्या बारीक नळीने बटणांच्या फटींतून डावीकडून उजवीकडे हवा मारा. लॅपटॉप उजव्या कुशीवर आणि नंतर डाव्या कुशीवर वळवून हेच पुन्हा करा. हवेचा डबा मात्र कायम सरळ उभा धरायचा. तो तिरका झाला की आतला द्रव बाहेर येतो आणि प्लास्टिकवर गोठतो. फवारे एक-दोन सेकंदांचेच असू द्या.

बटण चिकट झालं असेल, म्हणजे दबल्यावर सावकाश वर येत असेल, तर हवेने भागत नाही. तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, शक्यतो ९९ टक्के आणि निदान ९० टक्के. ७० टक्केवाल्यात उरलेला भाग पाण्याचा असतो आणि ते पाणी मेंब्रेनच्या थरांत शिरलं तर सुकायला दिवस जातात. इअरबड त्यात बुडवून निथळू द्या, बटणाच्या कडांवरून फिरवा, मग फटीत दोन-तीन थेंब सोडून बटण २०-३० वेळा दाबा. तासभर सुकू द्या. चिकटा विरघळून दुसरीकडे सरकतो, म्हणून हे दोनदा करावं लागतं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यातल्या ॲसिटोनने कीकॅप विरघळते. सॅनिटायझरच्या जेलमध्ये ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात, ते आतच राहून नवा चिकटा तयार करतात. वंगणाचे फवारेही नकोत. हेअर ड्रायरच्या गरम हवेने मेंब्रेनचे थर वाकतात, त्यामुळे सुकवण्याची घाई करू नका.

कीकॅप काढायचीच असेल तर

साफ करूनही बटण अडत असेल, तिरकं बसलं असेल किंवा खाली कण लागत असेल, तेव्हाच टोपी काढा. २०१५ ते २०१९ या काळातल्या अनेक मॅकबुकमध्ये बटरफ्लाय नावाची अगदी चपटी रचना आहे. ती फार नाजूक आहे, तिच्या टोप्या घरी काढू नयेत. बाकी लॅपटॉपमध्येही आधी एखाद्या कमी वापराच्या बटणावर, उदाहरणार्थ उजव्या कंट्रोलवर, हात बसवा.

धातूचं टोक वापरू नका. गिटारचं पिक किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी घ्या. एक कोपरा मिलिमीटरभर उचला आणि टॉर्चच्या प्रकाशात फटीतून पाहा. बहुतेक रचनांमध्ये टोपी एका बाजूला खटकन बसणाऱ्या आकड्यांनी आणि समोरच्या बाजूला सरकणाऱ्या आकड्यांनी धरलेली असते. खटक्याची बाजू आधी सोडवायची, मग टोपी सरकवून दुसरी बाजू मोकळी करायची. कोणती बाजू कुठली हे मॉडेलप्रमाणे बदलतं, म्हणून बघितल्याशिवाय जोर लावू नका. स्पेसबार, एंटर, शिफ्ट आणि बॅकस्पेसखाली तोल सांभाळणारी बारीक तार असते. ती वाकली की बटण एका बाजूने दबतं आणि पुन्हा सरळ होत नाही. या बटणांच्या वाटेला शक्यतो जाऊ नका.

टोपी निघाल्यावर दोन चौकटी आपल्या जागी आहेत का आणि रबराची वाटी मधोमध चिकटलेली आहे का, ते पाहा. आतला केरकचरा चिमट्याने उचला, तळ अल्कोहोलच्या इअरबडने पुसा. वाटी सुटली असेल तर सुईच्या टोकाने तिच्या कडेला गोंदाचे दोन-तीन सूक्ष्म ठिपके लावा. पूर्ण वर्तुळभर गोंद लावला तर आतली हवा बाहेर पडायला वाट राहत नाही आणि बटण जड होतं. मध्यभागी गोंद गेला तर वाटी दबलेलीच राहते. वाटी फाटली असेल तर चिकटवून उपयोग नाही. त्याच मॉडेलची टोपी, चौकट आणि वाटी असा संच मिळतो. चौकटींच्या आकारात फरक असतात, त्यामुळे मागवण्याआधी आपल्या बटणाचा जवळून फोटो काढून ताडून पाहा. टोपी परत बसवताना चौकटी आडव्या निजलेल्या हव्यात; टोपी सरळ ठेवून मधोमध दाबा, खटका ऐकू येतो. तो नाही आला तर दाबत राहू नका, काढून पुन्हा जुळवा.

खाली सगळं स्वच्छ, वाटी धड, तरी अक्षर उमटत नसेल तर दोष मेंब्रेनमध्ये आहे. वीजवाहक रंगाने रेघ सांधण्याचे प्रयोग होतात, पण थर सील केलेले असतात आणि सांधलेली रेघ फार टिकत नाही. तिथे कीबोर्ड बदलणंच श्रेयस्कर.

पाणी किंवा गोड पेय सांडलं तर

पॉवर बटण दाबून धरा आणि लॅपटॉप ताबडतोब बंद करा. काम सेव्ह करत बसू नका. चार्जर आणि बाकी जोडण्या काढा, झाकण उघडं ठेवून लॅपटॉप तंबूसारखा उलटा उभा करा, म्हणजे द्रव मदरबोर्डकडे न जाता कीबोर्डवाटे बाहेर येईल. किमान ४८ तास तसाच राहू द्या. मधेच चालू करून बघण्याचा मोह टाळा. ओल्या रेघांतून वीज गेली की गंज झपाट्याने चढतो. तांदळात ठेवण्याने आतली ओल ओढली जात नाही, भुकटी तेवढी आत जाते. साखरेचं पेय सांडलं असेल तर सुकल्यावर लॅपटॉप चालला तरी आतून साफ करून घ्या, कारण राहिलेली साखर ओल धरून ठेवते आणि पुढच्या काही आठवड्यांत बटणं एकेक करून जायला लागतात.

तात्पुरती सोय

विंडोजवर पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या मोफत साधनसंचातल्या कीबोर्ड मॅनेजरने मेलेल्या बटणाचं काम क्वचित वापरल्या जाणाऱ्या बटणाला देता येतं. मात्र तो लॉगिनच्या पडद्यावर चालत नाही. पासवर्डमधलं अक्षर गेलं असेल तर शार्पकीज हे छोटं सॉफ्टवेअर वापरा, ते रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदींत) बदल करतं म्हणून रीस्टार्टनंतर लॉगिनलाही लागू होतं. तोवर लॉगिनच्या पडद्यावरच्या ॲक्सेसिबिलिटी चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा. मॅकवर हेच काम कॅराबिनर-एलिमेंट्स करतं. स्वतःहून सतत उमटणारं बटणही याच साधनांनी बंद करता येतं. एक अक्षर दोनदा उमटत असेल तर फिल्टर कीजमधला बाउन्स कीजचा पर्याय कमीत कमी वेळेवर ठेवा. वेळ जास्त ठेवली तर मुद्दाम दोनदा दाबलेलं अक्षरही गाळलं जाईल.

केबल आणि नवा कीबोर्ड

विखुरलेली बटणं गेली असतील तर नवा कीबोर्ड मागवण्याआधी केबल तपासा. झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचं. रिबन केबलच्या सॉकेटला इवलीशी कडी असते. काही कड्या वर उघडतात, काही दोन्ही टोकांनी मिलिमीटर-दोन मिलिमीटर बाहेर सरकतात. प्रकार ओळखल्याशिवाय ओढू नका, कारण कडी तुटली तर गोष्ट मदरबोर्डच्या दुरुस्तीपर्यंत जाते. केबलचं टोक अल्कोहोलने पुसा, सुकवा, अगदी सरळ आत घाला, कडी बंद करा. किंचित तिरपी बसलेली केबलही अर्धी बटणं मारते.

नवा कीबोर्ड घेताना लॅपटॉपच्या नावापेक्षा जुन्या कीबोर्डच्या पाठीवरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर महत्त्वाचा. एंटर आडवा आहे की उंच, बॅकलाइटची दुसरी अरुंद केबल आहे का, पॉवर बटण कीबोर्डमध्येच आहे का, हे तिन्ही जुळलं पाहिजे. जुन्या लॅपटॉपमध्ये खालचे काही स्क्रू आणि वरच्या कडेच्या खिट्ट्या सोडवल्या की कीबोर्ड हातात येतो. अनेक नव्या मॉडेलांत तो वरच्या आवरणाला प्लास्टिकच्या वितळवलेल्या डझनावारी खिळ्यांनी जोडलेला असतो. ते कापून नवा बसवता येतो, पण पकड पहिल्यासारखी राहत नाही आणि टाइप करताना मधला भाग लचकतो. परवडत असेल तर कीबोर्डसह अख्खं वरचं आवरण बदला.

स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टेपने चिकटवा. आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू गेला तर तो वरचं आवरण फोडतो किंवा बोर्डला इजा करतो. केबल लावून झाल्यावर, शेवटचे स्क्रू घट्ट करण्याआधी, बॅटरी जोडा आणि प्रत्येक बटण एकदा दाबून पाहा, डावं-उजवं शिफ्ट आणि बॅकलाइटसुद्धा. काही उमटलं नाही तर लॅपटॉप बंद करा, बॅटरी पुन्हा काढा आणि केबल नव्याने बसवा.