निवेदन दिलं, फोटोही काढला, मग काम अडलं कुठे? लोकप्रतिनिधींकडे जाताना या चुका टाळा

आमदारांना निवेदन देतानाचा फोटो प्रत्येक गावाच्या आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सापडतो. मधोमध साहेब, दोन्ही बाजूंना दहाबारा जण आणि सगळ्यांचे हात त्या एका कागदाला लागलेले. सहा महिन्यांनी त्याच ग्रुपवर त्याच खड्ड्याचा फोटो येतो आणि खाली कुणीतरी लिहितं, ‘यांना फक्त मतं हवीत.’

पुढाऱ्यांची उदासीनता खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण काम व्हायला कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकावा लागतो, आणि आपली बरीचशी निवेदनं पहिल्याच टेबलावर थांबतील अशी लिहिलेली असतात. हे आपल्याला बदलता येतं, त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही.

ज्याचं काम त्याच्याकडे न जाणं

गटार तुंबलं की खासदार, रेल्वेचा थांबा हवा की नगरसेवक, असं सर्रास होतं. माणूस ओळखीचा म्हणून त्याच्याकडे जायचं, ही आपली सवय. गल्लीतले दिवे, कचरा, पाणी हे नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं काम. वीज बहुतेक ठिकाणी महावितरणची. रस्त्याच्या बाबतीत मात्र आधी चौकशी करावीच लागते, कारण एकाच गावातून जाणारे तीन रस्ते तीन वेगवेगळ्या यंत्रणांचे असू शकतात: ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभाग. ‘हा रस्ता आमच्याकडे येत नाही’ या एका वाक्यावर वर्ष निघून जातं. तेव्हा रस्ता कोणाकडे आहे हे आधी लेखी विचारून घ्या आणि ते उत्तर निवेदनाला जोडा.

दाखल्यांसाठी आमदारांच्या कार्यालयात रांग लावणं तर पूर्ण अनावश्यक. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये आला. अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणं हा त्या कायद्याने दिलेला हक्क आहे, मुदत टळली तर अपील करता येतं.

एका कागदावर अकरा मागण्या

‘आमच्या भागातील रस्ते, पाणी, दिवे, आरोग्य व इतर समस्या तातडीने सोडवाव्यात ही नम्र विनंती.’ हे निवेदन कोणत्या खात्याकडे पाठवायचं? साहेबांचे पीए त्यावर ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहितात, ते पत्र ज्या कार्यालयात जातं तिथला लिपिक स्वतःच्या खात्याची ओळ शोधतो आणि बाकीचं ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ म्हणून परत जातं.

त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘अंगणवाडी ते स्मशानभूमी या सुमारे 400 मीटर रस्त्यावर ओढ्याची मोरी खचली आहे. पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीतली मुलं अंगणवाडीत येऊ शकत नाहीत. मोरीचं अंदाजपत्रक तयार करून काम पुढील वर्षाच्या आराखड्यात घ्यावं.’ सोबत दोन फोटो आणि ग्रामसभेचा ठराव. या कागदावर उपअभियंत्याला नेमकं काय करायचं ते कळतं: जागेवर जा, मोजमाप घे, अंदाजपत्रक कर. अंदाजपत्रक झालं की प्रशासकीय मान्यतेसाठी पाठपुरावा करायला आपल्या हातात काहीतरी येतं. अकरा मागण्या असतील तर अकरा कागद करा.

पोच न घेणं

निवेदन साहेबांच्या हातात दिलं म्हणजे दप्तरी नोंदलं गेलं असं नाही. साहेब ते पीएकडे देतात, पीए फाईलमध्ये ठेवतात, आणि गाडी पुढच्या गावाला लागते. मूळ प्रत संबंधित कार्यालयाच्या बारनिशीत, म्हणजे आलेले कागद नोंदवतात त्या टेबलावर द्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, आणि तिची झेरॉक्स लोकप्रतिनिधींना द्या. ‘अमुक तारखेला अमुक क्रमांकाने अर्ज दिला आहे, आपण विचारणा करावी’ असं म्हटलं की त्यांच्या पत्रालाही वजन येतं. फोटो जरूर काढा, पण शिक्क्याच्या प्रतीचाही काढा.

वेळ चुकणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. पैसा कुठे जाणार हे बहुतेक 31 मार्चच्या आत ठरतं आणि आपण मात्र जूनमध्ये रस्त्यावर पाणी साचल्यावर निवेदन लिहितो. तोवर वर्षाचं अंदाजपत्रक, म्हणजे बजेट, मंजूर झालेलं असतं. मग उत्तर येतं, ‘निधी उपलब्ध झाल्यावर विचार केला जाईल.’

ग्रामपंचायतीत पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. पुणे महापालिकेने 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत ठेवली आहे आणि ते अर्ज पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक ठरण्याच्या बरंच आधी मागवले जातात. आणि निवडणुकीच्या तोंडावर, सगळे दारात येतात तेव्हा, आचारसंहिता लागलेली असते. तेव्हा मिळतात ती आश्वासनं, नव्या कामाला मंजुरी मिळत नाही. मागणी आचारसंहितेच्या आधी पुढे सरकवा.

हरकती आणि सूचनांची मुदत हीसुद्धा वेळेचीच बाब. शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, वर्तमानपत्रात बारीक अक्षरात जाहिरात येते, आणि आपण ती उलटून टाकतो. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा 2015 च्या सुरुवातीला आला तेव्हा लोकांनी आपापल्या गल्लीचे नकाशे उघडून चुका दाखवल्या, हजारो हरकती नोंदवल्या, आणि त्याच एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने करायला सांगितला. गोव्यात 2006 मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा लोकांच्या आंदोलनानंतर 2007 च्या जानेवारीत मागे घेतला गेला. मुदतीत दिलेल्या लेखी हरकतीची दखल यंत्रणेला घ्यावी लागते, सुनावणी द्यावी लागते. मुदतीनंतरचं पत्र कितीही खरं असलं तरी फाईलला लागत नाही.

ग्रामसभेला ‘काय उपयोग’ म्हणून न जाणं

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा सगळ्यांना पाठ आहे: ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ या गावाने ती ग्रामसभेत बसून खरी केली आणि 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. ठरवायला त्यांना वर्षानुवर्षं बैठका घ्याव्या लागल्या. आपल्याकडे सभा अर्ध्या तासात उरकते, कारण समोर माणसंच नसतात.

एक बारकावा लक्षात ठेवा. ग्रामसभेची गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातली कमी असेल ती संख्या. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि लोक निर्धास्त घरी जातात. पण तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची गरज नसते. तिथे मोजकी डोकी बसतात आणि ठराव होतात. ज्या विषयावर तुमचा आक्षेप आहे तो नेमका या दुसऱ्या सभेत मंजूर होऊ शकतो, म्हणून तिची तारीख विचारून ठेवा.

नुसतं बोलूनही भागत नाही. विषय लेखी द्या, ठराव मांडून अनुमोदन घ्या आणि इतिवृत्तात काय लिहिलं जातं ते बघा. ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती कागदोपत्री उरकली जात असेल तर बायकांनीच जाऊन ती भरवायला लावावी.

खासदार-आमदारांकडे फक्त निधी मागणं

खासदाराला स्थानिक क्षेत्र विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात. महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. भागाकार करून पाहा, तुमच्या गल्लीच्या वाट्याला काय येईल. आमदाराची खरी ताकद सभागृहात विषय मांडण्यात आहे: तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, औचित्याचा मुद्दा. प्रश्न सभागृहात गेला की खात्याला लेखी माहिती जमवावी लागते आणि फाईल वरून खाली हलते. त्यासाठी त्यांच्या कार्यालयाला अधिवेशनाच्या पुरेसं आधी एक पानाची नेमकी टिपणी द्या: काय घडलं, कोणता आदेश पाळला गेला नाही, कागद कोणते. अशी तयार टिपणी त्यांना क्वचितच मिळते.

माहिती अधिकारात ‘का’ विचारणं

‘रस्ता का झाला नाही?’ या अर्जाला ‘अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, आणि ते कायद्यात बसतं, कारण कायदा दप्तरी असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही. तेव्हा कागद मागा: कार्यारंभ आदेश, देयकं, मोजमाप पुस्तिकेच्या संबंधित पानांच्या प्रती. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि 150 शब्दांत हवा, शुल्क 10 रुपये. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करायचं. लोक इथे थकतात आणि सोडून देतात, म्हणून अर्ज टाकतानाच अपिलाची तारीख कॅलेंडरवर लिहा.

लोकशाही दिनातही, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी अधिकारी तक्रारी ऐकतात त्या दिवशीही, अशीच फसगत होते. तिथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रार घेतात, तीही विहित नमुन्यात आणि आधी दिलेली. अख्ख्या वस्तीचा पाण्याचा प्रश्न घेऊन ऐन सोमवारी गेलात तर तुम्हाला परत पाठवतील.

सह्या गोळा केल्या, पण मोजल्या नाहीत

गावातलं परवानाधारक दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिलांना मतदान मागता येतं. आधी किमान 25 टक्के महिला मतदारांचं निवेदन लागतं आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग त्या सह्या पडताळतो. इथेच बरीच निवेदनं गळतात. यादीत नाव माहेरचं आणि सही सासरच्या नावाने, एकाच घरातल्या चार सह्या एकाच हाताच्या, कुणाचं नाव यादीतच नाही. मतदार यादी समोर ठेवून, अनुक्रमांक लिहून, घरोघरी सही घ्या आणि 25 टक्क्यांवर थांबू नका, काही सह्या बाद होणारच हे धरून चाला.

पुढची अट आणखी कडक. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात, झालेल्या मतदानाच्या नव्हे. म्हणजे जी बाई त्या दिवशी शेतावर किंवा माहेरी गेली, तिचं मत दुकानाच्या बाजूने धरल्यासारखं होतं. म्हणून मतदानाची तारीख कळली की वस्तीनिहाय यादी वाटून घ्या, कोण कुठे कामाला गेलं आहे ते लिहा, परगावी असलेल्यांना आदल्या दिवशीच बोलवा आणि सकाळीच त्यांना केंद्रावर न्यायची सोय करा.