कंपनीचा मेल सर्व्हर: जाणाऱ्या मेलवर डोळा ठेवा

रबाळे एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीचा मेल सर्व्हर मी सांभाळते. मेल पाठवायला-घ्यायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स उघडून द्यायला डव्हकॉट, स्पॅम गाळायला आरस्पॅमडी. दीडशेच्या आसपास मेलबॉक्स. मशीन आमच्याच रॅकमध्ये. येणारा मेल अडकला तर फारसं घाबरू नका. आपली लाईन पडली तरी समोरचा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, साधारण चार-पाच दिवस. आपण पाठवलेला मेल समोरच्याने थोपवून धरला किंवा स्पॅममध्ये टाकला, तर मात्र आपल्याला पत्ताच लागत नाही. कोटेशन गेलं असं सेल्सवाले धरून चालतात आणि ऑर्डर दुसराच घेऊन जातो.

म्हणून ऑफिसात आल्यावर पहिलं काम मेलक्यू, म्हणजे जायच्या मेलची रांग दाखवणारी कमांड. आमच्याकडे एरवी दहा-वीस मेल रांगेत असतात. आकडा शेकड्यांत दिसला की क्यूशेप चालवायचं, म्हणजे कुठल्या डोमेनकडचे मेल तुंबलेत ते कळतं. सगळे एकाच डोमेनचे असतील तर अडचण बहुधा तिकडे आहे, किंवा तिकडच्यांनी आपल्याला रोखलंय. लॉगमधला (सर्व्हरच्या नोंदींमधला) समोरच्या सर्व्हरने दिलेला कोड वाचा. ४ ने सुरू होणारा कोड म्हणजे नंतर या, ५ ने सुरू होणारा म्हणजे येऊच नका. पोस्टफिक्स मूळ सेटिंगप्रमाणे ५ दिवस प्रयत्न करतं आणि तोवर पाठवणाऱ्याला काहीच सांगत नाही. मी ही मुदत २ दिवसांवर आणलीय आणि डिले वॉर्निंग टाईम, म्हणजे मेल अडकल्याचं पाठवणाऱ्याला कळवायची वेळ, ४ तासांवर ठेवलाय. सकाळचा मेल अडकला तर दुपारीच माणसाला कळतं, तो फोन उचलून काम करून टाकतो.

रांगेत भलत्याच देशांतल्या अनोळखी डोमेनचे मेल दिसले, तर कुणाचा तरी पासवर्ड फुटलाय. लॉगमध्ये एसएएसएल युजरनेम, म्हणजे लॉगिन करून मेल पाठवणाऱ्याचं नाव, शोधा, खातं सापडेल. पुढची कामं याच क्रमाने करा. आधी पासवर्ड बदला. मग डव्हअ‍ॅडम किक या कमांडने त्या खात्याची चालू सेशन्स तोडा, कारण पासवर्ड बदलला तरी उघडी जोडणी तशीच राहते. मग रांग होल्डवर टाका आणि फक्त त्या खात्याचे मेल उडवा. घाईत सगळी रांग साफ करणारे महाभाग असतात. त्यात परचेसची खरी ऑर्डरही (पीओ) जाते. शेवटी त्या खात्याचे सीव्ह नियम (आलेला मेल आपोआप हलवणारे) उघडून बघा. चोर जाताना मेल स्वतःकडे वळवणारा नियम मागे ठेवून जातो. पुढे ‘आमचं बँक खातं बदललंय’ असा मेल गिऱ्हाइकाला जातो तो यातूनच. अकाउंट्सच्या मॅडमना मी सांगून ठेवलंय: खातं बदलल्याचा मेल कुणाचाही असो, आधी जुन्या नंबरवर फोन.

पोस्टफिक्सची स्वतःची मेलच्या वेगाची मर्यादा आयपीवर (जोडणीच्या इंटरनेट पत्त्यावर) चालते, युजरवर नाही. एका खात्यातून तासाला किती मेल जावेत हे आरस्पॅमडीच्या रेटलिमिटमध्ये ठरवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटना ६ तासांत कळवायच्या असतात आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. जुने लॉग आपोआप काढणारं लॉगरोटेट बहुतेक ठिकाणी चारच आठवड्यांचे ठेवतं, ते आजच बदला.

आता आमच्या भागातला खास त्रास. रस्ता खोदला की फायबर तुटते. फायरवॉल मग निमूटपणे दुसऱ्या लाईनवर जातो, नेट चालू राहतं, सगळे खूश. पण मेल आता दुसऱ्याच आयपीवरून जातोय. तो आयपी एसपीएफमध्ये (आपल्या डोमेनचा मेल कुठून येऊ शकतो ती डीएनएसमधली यादी) नाही, त्याला पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) नाही. एवढ्याने जीमेल दार लावून घेतं. उपाय दोन. एक तर दोन्ही आयपी एसपीएफमध्ये घाला आणि दोन्ही आयएसपींकडून पीटीआर करून घ्या. ते आपल्या डीएनएसमध्ये होत नाही, आयएसपीकडेच मागावं लागतं. नाहीतर दुसऱ्या लाईनवर सर्व्हरचं बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट बंद ठेवा. आमची दुसरी लाईन साधं ब्रॉडबँड आहे, म्हणून मी बंदच ठेवलंय. मेल दोन तास रांगेत थांबलेला परवडला, पत गेलेली नाही.

एसपीएफमध्ये १० डीएनएस लुकअपची मर्यादा आहे. पगारपत्रकवाला, मार्केटिंगवाला, जो तो आपल्या सर्व्हरची यादी जोडणारा इन्क्लूड घालायला सांगतो. अकरावा लुकअप झाला की एसपीएफची तपासणीच फसते. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही; तिची २०४८ बिटची की डीएनएसमध्ये २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही, अवतरणचिन्हांत दोन तुकडे करा. डीएमएआरसी, म्हणजे या तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, पी=नन (काहीच करू नका) वर सुरू करा, रिपोर्ट वाचा, मगच क्वारंटाईन आणि रिजेक्टकडे जा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे झालेत. आपण तेवढे पाठवत नाही हे कारण सांगत बसू नका.

स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची स्पॅमहाऊसची यादी वापरत असाल तर गूगलच्या ८.८.८.८ या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारू नका, स्पॅमहाऊस तिथे खरं उत्तर देत नाही. अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर आपल्याच मशीनवर बसवा.

ड्रॉइंगवाल्यांना एकदाच समजावून सांगा की जोडलेली फाईल मेलमध्ये साधारण एक तृतीयांशाने फुगते. २५ एमबीच्या मर्यादेत १८ एमबीचीच फाईल जाते. आणि डिस्क बघताना डीएफ कमांडला -आय लावून आयनोडही (डिस्कवर किती फाईली मावतील तो आकडा) बघा. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल वेगळी फाईल असते, जागा असूनही आयनोड संपू शकतात.

अपडेट ११ आणि २० तारखेच्या आसपास नको, जीएसटी रिटर्नची धावपळ असते. शनिवारी दुपारी स्नॅपशॉट (सर्व्हरची आहे तशी प्रत) घ्या, अपडेट करा, पोस्टफिक्स चेक चालवा, मगच रीलोड. नंतर एक मेल आतल्या आत, एक जीमेलवर आणि तिथून एक परत. जीमेलमध्ये ‘मूळ मेसेज दाखवा’ उघडून एसपीएफ, डीकेआयएम, डीएमएआरसी तिन्हींसमोर पास दिसलं की मग घणसोलीची रिक्षा पकडा.