प्रिंटिंगच्या गिऱ्हाइकांना ऑनलाइन ऑर्डरची सवय कशी लावायची

वेबसाइट झाली, लिंक सगळ्यांना फॉरवर्ड झाली, तरी ऑर्डर व्हॉट्सॲपवरच, "मागच्यासारखंच करा, फक्त फोन नंबर बदला". आता मागचं म्हणजे कुठलं, मॅट की ग्लॉसी, हे शोधत बसायचं आपण. पण खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाला तेच सोपं पडतं, त्यामुळे ऑनलाइन त्याहून सोपं झाल्याशिवाय कोणी तिकडे जाणार नाही.

म्हणून सुरुवात रिपीट कामापासून करा. बिलबुक, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, पाकिटं असली कामं. लॉगिन तुम्हीच बनवा, फायनल फाइल, साइज, पेपर, लॅमिनेशन सगळं आधीच भरून ठेवा, म्हणजे पार्टीने नुसती क्वांटिटी टाकून ओके करायचं. बिलबुकला मागचा शेवटचा नंबर पण तिथेच दिसू दे, पुढचं नंबरिंग कुठून हे विचारायला परत फोन करावा लागला तर मग काय उपयोग. आणि शिकवायचं मालकाला नाही, ऑफिसात जो खरंच ऑर्डर देतो त्याला. पहिली ऑर्डर फोन चालू ठेवून त्याच्याच हाताने करून घ्या, तुम्ही भरून दिलीत की तो पुढच्या वेळी पण तुम्हालाच सांगणार.

नवीन कामाचा फॉर्म मात्र आपल्या भाषेत नको. जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) किती हे सामान्य माणसाला कसं कळणार, तिथे "लेटरहेडचा साधा कागद" (८०-१०० जीएसएम) किंवा "कार्डाचा जाड कागद" (३०० जीएसएम) असं फोटोसकट लिहा. ३ मिमी ब्लीड (कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं डिझाइन) सोडलेली टेम्प्लेट डाउनलोडला द्या. फाइल चुकली तर नुसता लाल एरर नको, "कडेचं अक्षर कटिंगमध्ये जाईल" किंवा "फोटो लहान साइजचा आहे, छापल्यावर धूसर येईल" असं स्पष्ट सांगा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला लोगो कॉम्प्रेस होऊन येतो, अपलोड केला तर ओरिजिनल येतो, हा मुद्दा लोकांना लगेच पटतो. स्क्रीनवरचा भडक निळा कागदावर तसाच येत नाही हे पण प्रूफखालीच (छपाईआधी ओके करायला दाखवतो तो नमुना) लिहून टाका. प्रूफ ओके कोणी केलं, कधी केलं याची नोंद राहते, मग स्पेलिंगवरून होणारी निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

डिस्काउंट द्यायचा तर द्या, पण माझ्या मते तो एकदाच चालतो, सवय लागते ती "छपाई चालू", "कटिंगला गेलं", "तयार" असं स्टेटस दिसल्याने, कारण "झालं का" हा फोन त्यांना पण नकोच असतो. अर्थात स्टेटस रोज अपडेट करायला हवं.

व्हॉट्सॲपवर ऑर्डर आलीच तर नाही म्हणू नका, त्या पार्टीच्या जुन्या जॉबचीच रीऑर्डर लिंक पाठवा, होमपेजची नाही. तरी नाहीच ऐकलं तर ऑर्डर तुम्ही सिस्टीममध्ये टाका आणि कन्फर्मेशन तिथूनच जाऊ द्या. पण काउंटरवरचा पोरगा व्हॉट्सॲपवालं काम आधी मशीनला लावत असेल तर मग विसराच, लोकांना हे बरोबर कळतं.

फॉइल (चमकदार पन्नीची छपाई), डायकटिंग (साच्याने हव्या आकारात कापणं), बॉक्स असली कामं ऑनलाइन रेटला लावूच नका, तिथे "रेट विचारा" एवढंच बटण पुरे.

आणि अधूनमधून बघत जा, लॉगिन करून ऑर्डर अर्धवट कोणी सोडली आणि कुठल्या पायरीवर. फाइल अपलोडला अडकलेला असेल तर त्याला फोन लावा, फाइल मेलवर मागवून घ्या आणि तीच अर्धवट ऑर्डर पुढे चालू करून द्या.