आज भाजी कोणती?

संध्याकाळी मंडईत मी अर्धा अर्धा तास घुटमळायचे. गवार घ्यावी तर निवडत बसावं लागतं, कारलं घ्यावं तर मुलगा तोंड लावत नाही. शेवटी रिकामी पिशवी, आणि घरी पुन्हा पिठलं. अगदी रडू यायचं.

मग हर्बर्ट सायमन यांच्याबद्दल वाचलं. १९७८चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. सगळ्यात उत्तम शोधत न बसता, आपल्या अटींत बसणारा पहिला पर्याय माणूस घेतो, असं त्यांनी मांडलं होतं. मी दोनच अटी ठरवल्या: काल केलेली नको आणि दहा मिनिटांत चिरून व्हावी. पहिल्याच गाळ्यावर दोडका दिसला. घेतला, पुढचे गाळे पाहिलेच नाहीत. (घर घेण्यासारख्या मोठ्या निर्णयाला मात्र वेळ द्यायलाच हवा.)

पिठलं आता हौसेने करते.