समुद्राकाठच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरी बदलताना

ब्रेक दाबताच पुढच्या चाकांतून कर्कश किरकिर ऐकू येऊ लागली, तर पॅड संपत आले असण्याची शक्यता मोठी. मात्र गोव्याच्या पावसाळ्यात रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड जिला घासतात त्या लोखंडी तबकडीवर) सकाळी जो तांबूस थर दिसतो, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. दोन-चार वेळा ब्रेक लावले की तो निघून जातो. पॅडच्या पत्र्यावरचा घासणारा थर ३ मिलिमीटरच्या आसपास आला असेल, तर दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड एकदमच बदलावेत. मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक मात्र नवख्याने मेकॅनिककडेच सोपवावेत.

गाडी सपाट, टणक जागी उभी करून हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत आणि चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट थोडे सैल करावेत. जॅकने उचललेली गाडी तिचा भार पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर टेकवल्याशिवाय कामाला हात घालू नये. अंगणात पडलेले चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) पाहून मोह होतो खरा. पण चिरा सच्छिद्र असल्याने एका जागी भार आला की फुटू शकतो, म्हणून तो गाडीखाली कधीही घेऊ नये.

चाक काढल्यावर कॅलिपरचे, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे, बोल्ट सोडवावेत आणि कॅलिपर तारेने वर बांधून ठेवावा. ब्रेकच्या रबरी नळीवर तो लोंबकळता कामा नये. या चाकाचे काम पुरे होईपर्यंत दुसरे चाक उघडू नये, म्हणजे कोणता भाग कुठे बसतो हे पाहायला नमुना समोर राहतो. जुना पॅड पिस्टनवर (कॅलिपरमधल्या, पॅडला ढकलणाऱ्या दट्ट्यावर) धरून सी-क्लॅम्पने, म्हणजे स्क्रूने आवळायच्या C आकाराच्या शिकंजाने, पिस्टन सावकाश आत ढकलावा. त्या वेळी बॉनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑइल वर चढते, आणि ते गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उतरतो, म्हणून डबीवर लक्ष असू द्यावे.

खरा वेळ द्यावा तो कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिनांना. कळंगुट, मिरामारसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात खाऱ्या, दमट हवेमुळे त्या गंजून अडकतात. काढलेले पॅड शेजारी ठेवून पाहावेत: आतला पत्र्यापर्यंत झिजलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक असेल, तर पिनांवर संशय घ्यावा. अशा वेळी नुसते नवे पॅड घातले, तर तेही तसेच वाकडे झिजणार. पिना स्वच्छ पुसून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. पिनांवरची रबरी टोपणे फाटली असतील तर तीही बदलावीत. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचा थेंबही लागू देऊ नये. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते; त्याहून पातळ झाली असेल तर डिस्कही बदलावी.

नवे पॅड, कॅलिपर आणि चाक बसवून, बोल्ट व नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनुसार (आवळण्याच्या ठरलेल्या जोरानुसार) आवळून, गाडी हलवण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावे; पहिल्या दाबाला ते तळापर्यंत जाते. तरीही पेडल मऊच राहिले किंवा कुठे ऑइल झिरपताना दिसले, तर गाडी रस्त्यावर काढू नये. सारे ठीक असल्यास मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत, मध्ये थोडी उसंत देत, आठ-दहा वेळा वेग उतरवावा. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरण्याचा बेत त्यानंतरच्या दिवसांसाठी ठेवावा आणि निघण्यापूर्वी चाकांचे नट पुन्हा एकदा तपासावेत.