इंग्लंडमध्ये नव्याने आलात आणि आश्रयार्थींसाठी काही करायचंय?

घर लागलं, नोकरी किंवा कॉलेज मार्गी लागलं, की गावातल्या आश्रयार्थींसाठी काहीतरी करावं असं अनेकांना वाटतं. जरूर करा. आपली हिंदी इथे फार उपयोगी पडते. पाकिस्तानातून आलेल्यांशी बोलता येतंच, पण कितीतरी अफगाणांनाही ती समजते.

आधी समोरच्याची परिस्थिती नीट समजून घ्या. आश्रयार्थी म्हणजे ज्याच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल होम ऑफिसकडून (इथल्या गृहखात्याकडून) अजून यायचाय असा माणूस. त्याला काम करायची परवानगी नसते. 12 महिने निकाल लागला नाही तर ती मागता येते, पण मिळाली तरी ठरावीक कामांपुरतीच. सरकारने जेवण देणाऱ्या हॉटेलात ठेवलेल्यांच्या हातात आठवड्याला जेमतेम 10 पौंड पडतात. बसचं एका फेरीचं तिकीट 3 पौंडांपर्यंत जातं, म्हणजे तुमच्या कार्यक्रमाला येऊन-जाऊन 6 पौंड. लोक येत नाहीत ते बहुतेक वेळा यामुळेच. तेव्हा जागा हॉटेलपासून चालत जाता येईल अशी निवडा, नाहीतर तिकीट बघून तिथल्या तिथे रोख पैसे द्या. पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

स्वतःचा नवा गट काढायची घाई नको. 2005 मध्ये शेफील्डला सुरू झालेल्या, आश्रयाला आलेल्यांचं स्वागत करणाऱ्या ‘सिटी ऑफ सँक्च्युअरी’ चळवळीचे गट आता गावोगावी आहेत. चर्चच्या हॉलमध्ये किंवा लायब्ररीत आठवड्याला भेटीगाठी होतात. तिथे आधी तीन-चार आठवडे चहा द्या, खुर्च्या लावा, चेहरे ओळखीचे होऊ द्या. मुलांबरोबर काम असेल तर संस्था डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद नाही ना, याची सरकारी पडताळणी) करून घेते. स्वयंसेवकांना तिची फी नाही. विद्यार्थी व्हिसावर असाल तर एक काळजी घ्या: ठरलेल्या वेळेचं, बांधील स्वरूपाचं बिनपगारी कामही आठवड्याला 20 तास कामाच्या मर्यादेत धरलं जातं. विद्यापीठाच्या व्हिसा कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.

उपक्रमांत स्वयंपाकाइतकं काही जमून येत नाही. हॉटेलच्या खोलीत चूल नसते, त्यामुळे महिनोन्‌महिने स्वतःच्या हातचं खायला मिळत नाही. आपण मात्र पातेलंभर खिचडी करून वाढायला उभे राहतो आणि पाहुणे पाहुणेच राहतात. त्यापेक्षा डाव त्यांच्या हातात द्या. काय करायचं ते त्यांनी ठरवावं, सामान आपण आणावं, कांदा आपण चिरावा. मांस हलालच आणा, जिलेटिन असलेली मिठाई टाळा, शुक्रवारची दुपार मोकळी ठेवा. एक गोष्ट विसरू नका: स्वयंपाक केला म्हणून कुणाला पैसे किंवा गिफ्ट कार्ड देऊ नका. परवानगीशिवाय काम केल्याचा ठपका बसून त्याचा अर्ज अडचणीत येऊ शकतो.

भाषा आड येत नाही असा दुसरा उपक्रम म्हणजे लेझीम. गोल करा, दोघांत हात पसरता येतील इतकं अंतर ठेवा आणि फक्त ‘चार आवाज’ घ्या. आकडे प्रत्येकाने आपापल्या भाषेत मोजायचे. फारसी बोलणारे ‘यक, दो, से, चहार’ म्हणतात तेव्हा आपल्या लोकांना हसू फुटतं, इतकं ते जवळचं वाटतं. ढोल मात्र बंद हॉलमध्ये अचानक वाजवू नका. युद्धातून आलेला माणूस दचकतो, कधी उठून निघूनच जातो. आधी सांगा, हळू सुरुवात करा, दाराजवळच्या खुर्च्या मोकळ्या ठेवा.

आठ आठवड्यांचा वर्ग आखू नका. लोकांना कधीकधी एक-दोन दिवसांच्या सूचनेवर दुसऱ्या शहरात हलवलं जातं. प्रत्येक भेट स्वतंत्रपणे पुरी व्हायला हवी: आज आलेल्यालाही भाग घेता यावा, उद्या गेलेल्याचं काही अर्धवट राहू नये.

गणपतीला बोलवा, पण आरतीला उभं राहायलाच हवं असं वाटू देऊ नका. प्रसादात काय आहे ते सांगा. नवरोज 20-21 मार्चला येतो, पाडवाही त्याच सुमारास. दोन्ही एकत्र साजरे करता येतात.

फोटो हा सर्वांत नाजूक विषय. मंडळाच्या फेसबुकवर टाकलेला एक चेहरा मायदेशी राहिलेल्या कुटुंबाच्या जिवावर बेतू शकतो. हातांचे, ताटांचे फोटो काढा, चेहऱ्यांचे नकोत. ‘देश का सोडलात?’ हेही विचारू नका. तो प्रश्न आश्रयाच्या मुलाखतीत त्यांनी तासन्‌तास झेललेला असतो.

कुणी होम ऑफिसचं पत्र पुढे केलं तर भेटीची तारीख वाचून दाखवा, तिथेच थांबा. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे गुन्हा आहे. ‘मायग्रंट हेल्प’ या संस्थेची मोफत हेल्पलाइन 24 तास चालते, दुभाषाही मिळतो. फोन लावून द्या आणि पलीकडून कुणी बोलेपर्यंत शेजारी बसा.